शुक्रवारची अकलोली

आमच्या निजामपुऱ्यात आवाज बंद झाला की माणसं दचकतात. कापड विणणाऱ्या लूमची खडखड चोवीस तास कानात असते. ती थांबली म्हणजे लाईट गेली. आणि लाईट गेली की कारागिराने आधी आपल्या लूमचा खटका खाली करायचा, मग दुसरं काय ते. लाईट काही विचारून परत येत नाही. खटका वर राहिला असेल तर लूम आपोआप सुरू होतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या नवऱ्याला तर बारा वर्षांच्या नोकरीनंतर ठाऊक असायलाच हवं होतं.

ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. लाईट गेली, तेव्हा शेजारच्या लूमवरचा जोडीदार ह्यांना म्हणाला, "धागा तुटलाय, मी आत हात घालतो. तू तेवढा खटका बघ." हे "बघतो" म्हणाले आणि आधी विडी शिलगावली. तेवढ्यात लाईट आली. जोडीदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर माझा नवरा घरात असून नसल्यासारखा झाला. लाईट गेली की कोपऱ्यात जाऊन बसायचे, हात थरथरायचा, घामाने सदरा चिंब. मी घरात बसून मशीनवर सुताच्या कांड्या भरायचे, त्या मशीनचा आवाज थांबला तरी हे ओरडायचे. कामावर जाणं सुटलं. बोलणं तर जवळजवळ बंदच. वर्ष उलटल्यावर थोरले दीर गावाहून आले, दोन दिवस बघून म्हणाले, "दिवाळीपर्यंत वाट बघू. न्हाय सुधारला तर मी त्याला गावी नेतो. शेतावर पडून राहील. तू मुलींना घेऊन माहेरी जा."

वा रे वा! माझा संसार काय बाजारातली पिशवी आहे, अर्धी ह्या हातात न् अर्धी त्या हातात? मी तोंडावर सांगितलं, "भावजी, दिवाळी अजून लांब आहे."

मग मी पदर खोचला. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. हे झोपायचे, उठले की पुन्हा तेच. एका भगताने लिंबू कापलं आणि बाहेरची बाधा सांगितली. मी म्हटलं, बाधा बाहेरची नाही हो, लूमच्या कारखान्यातली आहे! तो रागावला. कुणी माळ दिली, कुणी काढा दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं सगळं चाललेलं. रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडायचे आणि सकाळी नवा पत्ता विचारायला निघायचे.

कांड्यांचं सूत आणून देणाऱ्या बाईने सांगितलं, अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांजवळ एक सिस्टर राहते. मोठ्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेली. अपघातातून वाचलेल्या, पण मनातून न उठलेल्या माणसांना समोर बसवून बोलतं करते. गोळी देत नाही, मंत्रही म्हणत नाही. मी म्हटलं, झालं, आणखी एक! पण शुक्रवारी लूमला सुट्टी असते, सूत यायचं नसतं. गेलो आम्ही एस्टीने.

सिस्टर साठीची, आवाज करडा. कुंडातलं पाणी घमेल्यात आणवून तिने ह्यांना त्यात पाय ठेवायला सांगितलं. मला म्हणाली, "तुम्ही तिकडे बसा. आणि बोलायचं नाही." मला! मी ओठ दाबून बसले.

"लाईट जायच्या आधी काय करत होतात?" तिने विचारलं. हे सांगायला लागले आणि दोन वाक्यांत हात थरथरू लागला. तिने लगेच थांबवलं. "आता पाय कुठे आहेत?" "पाण्यात." "पाणी कसं आहे?" "गरम." "मग थोडा वेळ पाण्यातच राहा." पहिल्या शुक्रवारी एवढंच. परतताना मी एस्टीत धुसफुसत होते, की ह्यासाठी का एवढी पायपीट? पण त्या रात्री हे गोळीशिवाय झोपले. पहाटे मी दोनदा उठून त्यांचा श्वास बघितला, अशा शांत झोपेची मला सवयच उरली नव्हती.

मग मी एकही शुक्रवार चुकवला नाही. पाऊस असो, मुलींची परीक्षा असो. दर वेळी गोष्ट चार पावलं पुढे जायची, हात थरथरला की पाण्यात परत यायची. सहाव्या की सातव्या शुक्रवारी हे विडीपर्यंत पोचले. काडी ओढली, हे सांगितलं आणि ढसाढसा रडले. सिस्टरने रडू दिलं. माझाही बांध फुटला, पण मी आवाज केला नाही.

त्यांचं रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "तो जोडीदार आता कुठे असतो?"

ह्यांनी मान फिरवली. तिने माझ्याकडे बघितलं. "आता तुम्ही बोला."

मी म्हटलं, "निजामपुऱ्यातच. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून."

"हे त्याला किती वेळा भेटले?"

एकदाही नाही. आणि ते माझ्यामुळे. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी हे चप्पल घालून निघाले होते, मी दार अडवून उभी राहिले. तो परमुलखातला, त्याची वस्ती वेगळी, माणसं वेगळी, त्यात शहरात दंगलीची हवा होती. त्याचे भाऊ ह्यांना धरून मारतील, अशी मला धास्ती. मी पोरींची शपथ घातली होती, त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही म्हणून. ती शपथ हे दीड वर्षं पाळत होते. सिस्टरसमोर मी सगळं कबूल केलं. ती ह्यांना म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी इकडे येऊ नका. तिकडे जा."

गेलो. मी पुढे, हे मागे. जोडीदार खोलीच्या उंबऱ्यात बसला होता. आम्हाला बघून उठला नाही. ह्यांनी हात जोडले.

तो म्हणाला, "उंगली का छोड. डेढ साल में एक बार भी आया नहीं तू. मैं बोला, मर गया क्या."

मी पुढे होऊन म्हटलं, "ते निघाले होते. मी अडवलं. शपथ घातली." हिंदी-मराठी मी काय बोलले कोण जाणे. वर पुन्हा सगळं सांगत बसले: डॉक्टर, भगत, अकलोली, एस्टी. मी केवढी धडपड केली ते त्याला कळायला हवं होतं, असं वाटत होतं मला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इतना दूर दूर घूमीं आप, भाभी. इधर तो रिक्षा भी नहीं लगती."

शरमेने मेल्यासारखं झालं. एवढं मला आजवर सासूसुद्धा बोलली नव्हती. आणि खरंच होतं ते.

हे खाली त्याच्या शेजारी बसले. दिवाळीला दीर आले, तेव्हा ह्यांनी स्वतःच त्यांना सांगितलं की मी गावी येत नाही. लूमवर मात्र हे पुन्हा कधी उभे राहिले नाहीत, पुढे काल्हेरला गोदामात कामाला लागले. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी उंबऱ्यात बसून ह्यांनी एवढंच म्हटलं, "दाखव." त्याने तो हात ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि ह्यांचे हात थरथरत होते तरी सोडला नाही.