स्वतःसारखं राहा, पण फळ्यावरचंच लिहा

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझी लेक सई सातवीत आहे. शाळेत त्यांना एक गाणं शिकवलं. सगळ्यांसारखं होण्याच्या नादात स्वतःला हरवू नकोस, असं ते गाणं सांगतं. मग बाईंनी त्याचा अर्थ फळ्यावर लिहून दिला आणि अख्ख्या वर्गाने तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला.

सईने नाही उतरवला. तिने लिहिलं, "माझी आजी सटाण्याला अहिराणीत मोठ्याने बोलते, भांडते, हसते. नाशिकला आमच्याकडे आली की गप्प असते. हे गाणं तिच्यासाठी आहे."

त्यावर ही भली मोठी लाल फुली! खाली शेरा, 'फळ्यावरचा अर्थ लिहावा.'

मी आज तडक शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "अहो, छान लिहिलंय तिने. पण परीक्षेत असलं चालत नाही. तिचेच मार्क जातील."

"मग असली गाणी शिकवता तरी कशाला?" मी विचारलं. आणि सईला घेऊन तरातरा निघाले.

येताना स्कूटरवरही माझी बडबड चालूच होती. मागून सई म्हणाली, "पण आई, सोसायटीत अहिराणी बोलू नकोस, असं आजीला तूच सांगतेस ना?"

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मला गाडी काढायचं सुचेना.

बाईंनी एका उत्तरावर फुली मारली. मी माझ्या आईवरच मारून बसले होते.

खरं सांगा, तुमच्या घरात तुम्ही कोणाला गप्प केलंय?