सातासमुद्रापार निघालेल्या पोथ्या

परदेशातल्या एका विद्यापीठात मराठी पुस्तकांचा विभाग उभा राहावा अशी मला तळमळ लागली आहे, असं मी बोरीवलीत सगळ्यांना सांगत होतो. खरी तळमळ वेगळीच होती. त्या विभागात माझा कवितासंग्रह असावा! (तो मी स्वखर्चाने छापला होता आणि इकडे कोणी वाचत नव्हतं. तिकडे निदान न वाचायला भाषेचं कारण तरी होतं.)

गोष्ट त्रेपन्न-चौपन्न सालची. त्या विद्यापीठाचा गोरा ग्रंथपाल कांदिवलीला एका बंगल्यात उतरला होता. "मराठीत छापलेलं काहीही चालेल," असं तो चक्क मराठीत म्हणाला. लोकांकडून पुस्तकं जमवून द्यायचं काम मी लगेच अंगावर घेतलं.

आमच्या चाळीने सढळ हाताने दिलं. पण कथा-कादंबऱ्या नाहीत; आल्या त्या पोथ्या आणि जुनी पंचांगं! रद्दीत घालावीत तर पाप, खाडीत सोडावीत तर लांब, आणि घरात वाचतंय कोण?

"इसर्जनाक खाडयेर कोण जातलो?" शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या. "ही माज्या सासऱ्यांची पोथी. तुजो सायब परस्पर समुद्रापार व्हरता, बरा झाला!"

हा ढीग मी घरी आणून जमिनीवर ठेवला मात्र, आई कडाडली.

"मेल्या, पोथ्या जमिनीवर? चौरंगावर ठेव!"

चौरंग देवघरापुढचा. आईचं पारायण चालू होतं, त्यामुळे तिचीही पोथी त्यावरच, इतरांसारख्याच लाल फडक्यात. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मी चौरंगावरचं सगळं पेटीत भरलं, तळाशी माझा संग्रह (न विसरता!) ठेवला आणि टांग्याने पेटी कांदिवलीला पोचवून आलो.

घरी येतो तर आई रिकाम्या चौरंगापुढे बसलेली.

"वसंता, माझी पोथी कुठाय?"

"कुठली गं?"

"पारायणाची! आजचं वाचन झाल्याशिवाय मी पाणीसुद्धा घ्यायची नाही."

"अगं, दुसऱ्या कोणाची तरी आणतो ना!"

"कोणाची आणतोस? सगळ्यांच्या तर तूच पळवल्यास!"

मी पुन्हा टांगा बोलावला. म्हटलं, आईची एक पोथी काढू, बाकी पेटी जशीच्या तशी राहील. म्हणजे माझ्या संग्रहाला धक्का नाही. पण आई टांग्यात चढत असताना सावंतकाकूंनी वरून विचारलंच, "खंय निघालात?"

"पोथी परत आणायला. पारायण मोडलं तर घरावर काय येईल कोण जाणे!"

"अगो बाय! पोथी दिल्यापासून आमच्या चंदूचा प्वॉट दुखता!"

(चंदूने कच्च्या कैऱ्या चापल्या होत्या. पण ऐकतो कोण?) आमचा टांगा हलला तेव्हा मागे आणखी दोन टांगे भरले होते.

साहेबाने हात जोडून सगळ्यांचं स्वागत केलं. आईने पेटी उघडायला लावली, आपली पोथी कपाळाला लावली आणि त्याच्याच टेबलावर मांडून अध्याय सुरू केला! साहेबाने मुकाट्याने बूट काढले. सावंतकाकूंनी त्याला चंदूच्या पोटाची साग्रसंगीत हकिगत सांगितली, सासऱ्यांची पोथी छातीशी धरली आणि डोळ्यांना पदर लावला. मग काय, जो तो आपापली पोथी उचलायला लागला.

"अहो, परदेशात मराठीचं काय होणार?" मी ओरडलो.

"आधी चंदूचा काय होताला ता बघ!" सावंतकाकू म्हणाल्या.

पंचांगांना मात्र कोणी हात लावला नाही. जुनं पंचांग परत घरात घेतंय कोण! साहेबाने ती एकेक उघडून पाहिली आणि डोळे मोठे करून म्हणाला, "अमूल्य!" मला धीर आला. पंचांगं जाणार म्हणजे पेटी जाणार, आणि पेटी जाणार म्हणजे मीही जाणार!

अध्याय संपवून आई पाणी प्यायली. सगळी मंडळी निघाली. तेवढ्यात साहेब पेटीत वाकला, तळातून माझा संग्रह काढला, त्यावरचा माझा फोटो नीट निरखला आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला.

"आपणही आपली पोथी विसरू नये," तो अतिशय अदबीने म्हणाला. "घरात कोणाचं पोट दुखायला नको!"