आधीच शिवलेला ब्लाऊज

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणजे नव्हता. मी बी.एस्सी.ला आहे. घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच, त्यामुळे गावी कुणी भानामतीचं सांगू लागलं की विज्ञानाची बाजू मलाच लढवावी लागते. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

माझी छाती वयात आल्यापासूनच फार जड. खांद्यावर पट्ट्यांचे वळ पडलेले, प्रॅक्टिकलला तासभर उभं राहिलं की मान आणि पाठ भरून यायची. सोलापुरातल्या डॉक्टर मॅडमनी छाती कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं आणि काहीही लपवलं नाही. व्रण कायमचे राहतात, काही जणींची संवेदना कमी होते, नेमकं माप आधी सांगता येत नाही, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही.

आई गावाहून, करकंबहून आली होती. तिचा एकच प्रश्न : "उद्या लेकराला दूध पाजता येईल का?"

मॅडम म्हणाल्या, येईलही, कमीही येईल. खात्री देत नाही.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, देवीला कौल लावते, मग बघू. मी वीस वर्षांची, सही माझी मीच करणार होते. पण आईच्या मनाविरुद्ध टेबलावर झोपायचं... ते मला जमणार नव्हतं.

त्याच दिवशी हॉस्टेलमागे शिवणकाम करणाऱ्या शोभामावशींकडून ब्लाऊज आणायचा होता. मे महिन्यात ताईचं लग्न, आणि लग्नसराईत मावशी नवं कापड घेत नाहीत, म्हणून दिवाळीआधीच शिवायला टाकलेला. ऑपरेशनचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

घालून पाहिला. खांदा, बाही, कंबर अगदी बरोबर. छाती मात्र सहा इंच लहान! मावशींनी वही उघडली. माझ्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात अडतीस. त्यांनी माझ्यासमोर टेप लावून चव्वेचाळीस वाचलं होतं, मला पक्कं आठवतंय. उसवून वाढवायला आत तेवढं कापडही नव्हतं.

आईनं ब्लाऊज उलटसुलट करून पाहिला. आधी मावशींवर चिडली, मग मशीनशेजारच्या स्टुलावर बसून हसतच सुटली.

"कौल लावायला नगं आता," ती म्हणाली. "ह्यो बसंल एवढं करून घे. मी हाय संगं."

नाताळच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या मॅडमना आधी सांगाव्या लागल्या. काढलेला भाग तपासायला गेला, रिपोर्ट चांगला आला. पहिले काही दिवस हात वर करून केस विंचरता येत नव्हते, आईनं रोज वेणी घातली. सूज उतरायला मात्र महिने लागले, कुणी करणार असाल तर हे धरून चला.

लग्नाच्या आठवड्यात ब्लाऊज बाहेर काढून घातला. आई सेफ्टी पिना घेऊन तयार. सगळे हूक लागले. एकही पीन लागली नाही.

इथवर मी म्हणत होते, मावशींची चूक आणि माझं नशीब. पण ऑपरेशनआधी माझी उजवी बाजू मोठी होती, आता डावी किंचित भरलेली आहे. आणि ब्लाऊजची डावी कटोरी पाव इंच मोठी कापलेली निघाली.

मावशींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"मग? डावी बाजू भरलेली हाय की तुजी."

"आता आहे, मावशी. तेव्हा नव्हती."

"मी मापानं शिवती बाई," म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला.

परवा त्यांच्याकडे दुसरं कापड टाकलं. त्यांनी माप घेतलं, वहीत लिहिलं... आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.