माझं अक्षर, तिच्या म्हाताऱ्या

गावात पाट्या रंगवायचं काम माझं. तलावाकडे जाणाऱ्या भिंतीवर मी लाल रंगात तीनदा लिहिलं होतं, ‘येथे दारू पिण्यास व जुगार खेळण्यास मनाई आहे’. तरी खाली पत्ते चालायचेच, आणि शेजारी वाळत घातलेली मासे धरायची जाळी चोरीला जायची.

मागच्या दिवाळीत धाकट्या भावाच्या बायकोने माझ्या अक्षरांवर चुना मारला आणि माझ्याच उरलेल्या रंगांनी तिथे गल्लीतल्या म्हाताऱ्या काढल्या. नाकं वाकडी, हात मुसळासारखे. मी पोट धरून हसलो. पण कपाळावरच्या गोंदणावरून कोण कोणाची सासू, ते लगेच कळायचं. आणि पत्ते खेळणारे बरेचसे गावातलेच जावई; सासूसमोर आमच्याकडचा जावई बिडीसुद्धा विझवतो. पंधरा दिवसांत भिंतीखालचा अड्डा उठला. जाळी जागच्या जागी राहू लागली. सरपंचाने तिला शाल दिली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ती पत्तेवाली मंडळी आता माझ्या घराच्या भिंतीखाली बसतात. तिथेही माझी तीच पाटी आहे. परवा हाकलायला गेलो, तर पत्ते पिसत एक जण म्हणाला, “काकाजी, अक्षर मस्त आहे जी तुमचं. इथं बसाले बरं वाटते.”