छबूबाईंच्या पायांवरचा देव

राहात्याच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात एक गाव आहे. तिथं दवाखान्यातून घरी आलेलं बाळ आधी छबूबाईंच्या पायांवर जातं, मग पाळण्यात. हा शिरस्ता त्यांच्या सासूपासूनचा. मोरीत पाट टाकायचा, पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर घ्यायचं, तेल जिरवायचं आणि कोपर बुडवून पाणी बघायचं. गावातले निम्मेअधिक मिशीवाले त्या पायांवर बोंबलूनच मोठे झालेत. त्यामुळे छबूबाई कुणाच्या बापाला भीत नाहीत. सरपंच जरा चढ्या आवाजात बोलू लागला की, ‘तुझं नाक म्या सरळ केलंय, माझ्यापुढं फुगवू नगं,’ एवढं म्हणतात. सरपंच खाली बसतो.

छबूबाईंचं घर ख्रिस्ती, पण बोलावणं सगळ्या आळ्यांतून येतं. आणि न्हाऊ घालताना त्यांची एक सवय आहे. त्या येशूशी बोलतात. प्रार्थना वगैरे नाही हं, चक्क गप्पा. ‘येशूराया, ह्याच्या पोटात वारा धरलाय बघ. रातभर आईला झोपू दिलं न्हाई गुलामानं. जरा हात फिरीव.’ मध्येच त्याला सुनेची तक्रार सांगतील, मध्येच स्वतःच्या गुडघ्यांची. शेजारच्या ज्ञानेश्वरीची सासू पक्की माळकरी, पण तिचंही म्हणणं असं की, मावशी बोलल्या की पोर गप राहतं, मग त्या कुणाशी का बोलेनात.

गावात मिशनच्या काळातलं कौलारू चर्च आहे. तिथली रीत अशी, की नाताळच्या नाटकात गव्हाणीत बाहुली ठेवायची नाही. मंडळीतलं सगळ्यात ताजं बाळ तो येशू. आणि त्या बाळाला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून आणायचा मान छबूबाईंचा. यंदा अश्विनीची दोन महिन्यांची लेक होती. येशू मुलगी आहे याला कुणाची हरकत नव्हती. टोपडं घातलं की सगळी सारखीच दिसतात.

तालमीच्या दिवशी घोटाळा झाला. छबूबाईंनी बाळ न्हाऊ घातलं, पावडर लावली आणि हाताच्या सवयीनं गालावर काजळाची ठसठशीत तीट लावून मोकळ्या झाल्या. नव्यानं आलेले पाळक रविराज गव्हाणीत डोकावले आणि हसायलाच लागले.

‘अहो मावशी, हे काय? हा साऱ्या जगाचा देव. त्यालाच दृष्ट लागायला लागली, तर आपण कुणाकडं जायचं?’

मंडळी खो खो हसली. छबूबाईही हसल्या. त्यांनी पदराच्या टोकानं तीट पुसून टाकली.

घरी आल्यावर मात्र हसू ओसरलं आणि मनाला घोर लागला. पाळक बोलला त्यात खोटं काय होतं? तोंडानं आपण त्याला देव म्हणत आलो आणि वागवलं शेजारणीच्या पोरासारखं. ज्याच्या शब्दानं सूर्य-चंद्र झाले, त्याला आपण सुनेची गाऱ्हाणी सांगत बसलो. अरे-तुरे करत बसलो. त्याला काय वाटलं असेल? छबूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीच्या बाळाला पायांवर घेतलं आणि तोंडातून शब्द फुटेना. मग चर्चमध्ये ऐकलेली भारदस्त प्रार्थना करून बघितली. ‘हे सर्वसमर्थ, सनातन...’ इथवर गाडी आली आणि रुतली. बाळानं तेवढ्यात तांब्याला लाथ मारली.

‘मावशी, आज तुमच्या येशूशी कट्टी का?’ ज्ञानेश्वरीनं विचारलं.

‘तसंच समज,’ छबूबाई म्हणाल्या. नवरा गेला तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बोलायला येशू होता. आता देव मोठा झाला होता आणि मोठ्या लोकांशी काय बोलावं हे छबूबाईंना कधी सुचतच नसे.

तीन-चार दिवस असेच गेले. नाताळ तोंडावर आला, करंज्या तळून झाल्या, पण यंदा बाळ न्हाऊ घालायला बसावं की नाही हेच ठरेना. ज्याच्याशी बोलायची छाती होत नाही, त्याला पायांवर कसं घ्यायचं? शेवटी त्या तडक पाळकाच्या घरी गेल्या. रविराज ओट्यावर बसून कामट्यांच्या चांदणीला रंगीत कागद चिकटवत होते. हात खळीनं बरबटलेले.

‘पाळकसाहेब, एक इचारू? म्या देवाला ल्हान केलं का?’

रविराजांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी चांदणी बाजूला ठेवली.

‘चुकलो मी मावशी. चारचौघांत हसायला नको होतं. तीट नको म्हणालो, ते खरंच. त्याच्यावर कुणाची नजर चालत नाही. पण लहान तुम्ही नाही केलं त्याला. तो स्वतःच झाला. त्यानं मनात आणलं असतं तर ढगांतून उतरला असता, थाटामाटात. तो आईच्या हातात आला.’

छबूबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी आपल्या धंद्यातलं विचारलं.

‘म्हंजी मरियेनं त्याला न्हाऊ घातलं आसंल. पायावर घेतलं आसंल. मान धरली आसंल, का न्हाई? तान्ह्याची मान धरावीच लागती.’

‘धरलीच असणार.’

‘तवा तो द्येवच व्हता? का मोठेपणी झाला?’

‘तेव्हाही देवच मावशी. पुरता देव. कणभर कमी नाही.’

‘मंग तवा जग कोन सांभाळत व्हतं?’

‘तोच.’

छबूबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या हातांनी आजवर इतक्या माना धरल्या होत्या, की तान्ही मान म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. जरा ढिलाई झाली की लटकन पडणारी.

‘आगं बया! सोताची मान सावरत न्हवती आन समदं जग सावरून बसला व्हता!’ त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. रविराजही हसले. ‘यंदाचा संदेश तुम्हीच द्या,’ असं ते म्हणाले, तर छबूबाईंनी ‘त्यो तुमचा धंदा’ म्हणून झटकून टाकलं आणि घरची वाट धरली.

नाताळच्या सकाळी अश्विनीच्या लेकीची आंघोळ यथासांग झाली. तीट लावली नाही. छबूबाईंनी तेल जिरवलं, पाणी ओतलं, पण त्या अजून गप्पच होत्या. उमज पडला तरी तोंड उघडायला धीर लागतो.

चर्च खच्चून भरलं होतं. ज्ञानेश्वरी सासूला घेऊन आली होती. मेंढपाळ झाले, देवदूत झाले आणि ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी प्रवेशले. पहिला ज्ञानी होता ट्रॅक्टर चालवणारा अंगद. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट आणि तोंडाला कापसाची अशी दाढी, की त्याची आईसुद्धा बिचकली. तो गव्हाणीवर वाकला मात्र, बाळानं टाहो फोडला.

मरिया झालेल्या निकितानं हलवलं, थोपटलं. बाळ काळंनिळं व्हायला लागलं. पाळक माईकवर वाचत होते ते थांबले. अश्विनी बाकावरून उठायच्या आत छबूबाई पुढं पोचल्याही होत्या. त्या गव्हाणीपाशी पाय लांब करून बसल्या, बाळ नडग्यांवर घेतलं, मानेखाली हात घातला आणि पाच दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम वाहू लागलं.

‘उगी रं माझ्या येशूराया, उगी. त्या दाढीवाल्याला भ्यालास व्हय? त्याला बी म्याच न्हाऊ घातलंय. आरं, समद्या दुनियेला सांभाळतोस तू. मला सांभाळलंस, माझा धनी गेला तवा सांभाळलंस. आता घटकाभर माझ्या पायावर पड. म्या धरलीया मान.’

पाळकाच्या चालू राहिलेल्या माईकमधून शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. ज्ञानेश्वरीच्या सासूनं बसल्या जागी हात जोडले. बाळ दोन हुंदके देऊन थांबलं आणि टुकूटुकू बघू लागलं.

अंगद भेटवस्तूचा डबा छातीशी धरून खांबासारखा उभा होता. पुढचं वाक्य तो साफ विसरला होता. छबूबाईंनी मान वर केली आणि त्याला दटावलं,

‘बघत काय राहिलास रं मुडद्या? द्येव जागा हाय तवर पाया पडून घे!’