दर रविवारी केळव्याला

डायवरकाकांना मी गाडी चालवताना कधी पाहिलं नाही, आणि पाय न पुसता गाडीत बसतानाही कधी पाहिलं नाही. माकुणसारला रस्त्याला लागून त्यांची वाडी. वाडीत नारळांखाली एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये हिरव्या रंगाची, जेमतेम दोन माणसांची जुनी विलायती मोटार. रोज दुपारी चार वाजता काका गाडीपुढच्या गोणपाटावर आधी उजवा पाय घासत, मग डावा, मग पांढरी टोपी नीट बसवून स्टेअरिंगवर बसत. पाच वाजता उतरत. या तासाभरात गाडी इंचभरही हलत नसे. गावाला याचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं, कारण मी बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे, आणि बंद यंत्र दिसलं की त्याला आपलीच गरज आहे असा माझा समज होतो.

आमची ओळख माझ्या मोटारसायकलमुळे झाली. सफाळ्याहून केळव्याला जाताना ती नेमकी त्यांच्या वाडीसमोर बंद पडली. मी प्लग काढला, पुसला, परत बसवला. कार्बोरेटर उघडला. हात कोपरापर्यंत काळे झाले. काका गाडीत बसून शांतपणे बघत होते.

"इंजिनेर हाय काय तुमी?"

मी मान ताठ करून हो म्हटलं.

"मंग पेट्रोल बगितलं नसंल."

टाकी कोरडी होती. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. इंजिनेर म्हणायचे, आणि ते अशा सुरात की त्यापेक्षा नावानं मारलेली हाक बरी वाटावी.

गाडी 'विनबरी' होती. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मीही नव्हतं, पण काकांसमोर ऐकल्यासारखं केलं. इंग्लंडातल्या एका खेड्यात दोन भाऊ होते. एक सायकली दुरुस्त करायचा, दुसरा घोडागाड्या बनवायचा. दोघांनी मिळून मोटार करायचं ठरवलं, तेव्हा खालचं लोखंड एकानं केलं आणि वरचा सांगाडा दुसऱ्यानं चक्क लाकडाचा केला. वर पातळ पत्रा. खड्ड्यात गेली तर चार माणसांनी उचलून रस्त्यावर ठेवावी, इतकी ती हलकी, अशी भावांची बढाई होती. गिऱ्हाइकाला गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि थांबणाऱ्याला त्याचाही अभिमान वाटे. मोठ्या कंपन्या विकत घ्यायला आल्या, भावांनी दिली नाही. शेवटी दोघं म्हातारे झाले आणि एके दिवशी त्यांनी शेडला कुलूप लावलं. एवढाच इतिहास. काका तो असा सांगत, जणू ते दोघं भाऊ पलीकडच्या आळीतले.

अशा मोडक्या गाडीत लोकांना काय दिसतं, असं मी त्यांना एकदा विचारलं. 'मोडक्या' हा शब्द त्यांनी ऐकून सोडून दिला. म्हणाले, "मोट्या कंपनीची गाडी हरवली तर कोनाला कळत नाय. हिची चौकशी करनारं कोन तरी हाय."

खरंच होतं. तिकडे विनबरीवाल्यांचं एक मंडळ आहे आणि मंडळाकडे एक जाड वही. भावांनी केलेली प्रत्येक गाडी तिच्या नंबरासकट त्या वहीत आहे. दरवर्षी मंडळाचा कागद येतो: गाडी आहे का, कुठे आहे, अखेरची कधी चालली. खाली सही करून परत पाठवायचा. ज्या गाडीचं उत्तर येत नाही, किंवा जी आता गाडी म्हणावी अशी उरलेली नाही, तिच्या नंबरावर तांबडी रेघ. काका ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते ते केळव्याचे शेठ ही गाडी त्यांच्या हवाली करून गेले, तेव्हा एवढंच म्हणाले होते की रेघ पडू देऊ नकोस. काकांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. "गाडी शेठची. आमी राखनदार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणूनच की काय, काकी इतकी वर्षं त्याच अंगणात वावरल्या, पण गाडीत कधी बसल्या नाहीत. फक्त त्यांच्या कोंबड्या संधी साधून मागे अंडं घालायच्या, आणि त्यावरून नवरा-बायकोत एक दिवस अबोला असायचा.

तो कागद आधी गावातले एक गुरुजी भरत. ते दरवर्षी 'गाडी सुखरूप आहे, कळावे' एवढंच इंग्रजीत लिहीत. गुरुजी गेले आणि काम माझ्याकडे आलं. 'अखेरची कधी चालली' या प्रश्नावर काका म्हणाले, "लिवा, शेठ गेले त्या वर्सी."

मी पेन उचललं. आता माझं इंग्रजी बरं आहे, आणि त्याचा कारखान्यात काही उपयोग होत नाही. पंपाच्या अहवालात माणूस किती रंग भरणार? समोर कोरी जागा आणि पलीकडे साक्षात इंग्रज वाचक, असा योग जन्मात एकदा येतो. मी लिहिलं: 'दर रविवारी आम्ही या गाडीतून केळव्याच्या समुद्रावर जातो.' काकांनी खाली मराठीत, प्रत्येक अक्षर वेगळं कोरून सही केली.

उत्तर आलं. तुमचं पत्र सभेत वाचून दाखवलं, सगळ्यांना फार आवडलं. ते उत्तर मी ऑफिसात तीन टेबलांवर फिरवलं. पुढच्या वर्षी मी सुरूची बनं घातली. त्याच्या पुढच्या वर्षी वाळत घातलेले बोंबील, हात हलवणाऱ्या कोळणी आणि सूर्यास्त. सूर्यास्तावर तर मी दोन परिच्छेद खर्च केले. काका दरवर्षी विचारत, "एवडं काय लिवता?" आणि मी म्हणत असे, "त्यांना सविस्तर लागतं, काका."

मग एक दिवस मंडळाच्या वहीवाल्या बाईंचं पत्र आलं. वयानं सत्तरीच्या पुढच्या. मुंबईला येणार होत्या. त्यांची एकच इच्छा होती: एका रविवारी विनबरीत बसून केळव्याच्या समुद्रावर जायचं. वही बरोबर आणणार होत्या.

मी काकांना फक्त बाई येणार आहेत एवढंच सांगितलं. बाकीचं नंतर सांगू, आधी गाडी चालू करू, असा माझा बेत. ज्या माणसाला मोटारसायकलीत पेट्रोल नाही हे कळलं नव्हतं, त्याचा हा बेत. शनिवारी हत्यारांची पेटी आणि नवी बॅटरी घेऊन गेलो, आणि पाय न पुसताच रुबाबात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दार उघडलं आणि माझ्या हातातच आलं. बिजागरीच्या जागी लाकडाचा भुसा. वाळवीनं आतून सगळं खाल्लं होतं; वरचा रंग आणि काकांचं पुसणं, एवढ्यावर ती बाजू उभी होती. बॉनेट उघडलं, तर आतली नळी नुसतं बोट लावताच तुटली. मी दार दोन्ही हातांत धरून उभा होतो आणि काका त्या भुशाकडे बघत होते. शेवटी मला सगळं सांगावं लागलं. रविवार, कोळणी, सूर्यास्त, सगळं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काका गोणपाटावर बसले. म्हणाले, "वाळवी लागली ते ठीक हाय. ते लाकूड हाय. पन सही माजी हाय ना, इंजिनेर?"

मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. आपण रंगवलेल्या गमतीखाली दुसऱ्याची सही असते, हे मला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं आणि कारखान्यातही नाही.

बाई ठरल्या रविवारी आल्या. काका इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून गाडीशेजारी उभे. दार मी तसंच टेकवून ठेवलं होतं. नमस्कार होताच काका माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा त्यांना. गाडी चालत नाय. शेठ गेल्यापासून चालली नाय. लिवलं ते खोटं हाय. सही माजी हाय. रेघ मारा."

मी भाषांतर सुरू केलं. हवामान, खारी हवा, लाकडाचा स्वभाव, मिळत नसलेले सुटे भाग...

"थांबा," काका म्हणाले. "माजं एवडंसं होतं. तुमचं एवडं लांब कसं?"

तेव्हा मी सरळ सांगितलं. माझ्याच विरुद्धची साक्ष मीच इंग्रजीत दिली, आणि त्यात व्याकरणाची एक चूक झाली ती अजून डाचते. बाई गाडीभोवती फिरल्या, वाळवीनं खाल्लेल्या लाकडाला हात लावला, इंजिनावरचा नंबर वहीशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या की त्यांची स्वतःची विनबरीही कित्येक वर्षांत गॅरेजबाहेर आलेली नाही. सभेत ती पत्रं ऐकताना त्यांना वाटायचं, एक तरी गाडी समुद्रावर जाते आहे. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बाईंच्या हातातली वही उघडीच होती.

इतका वेळ काकी पडवीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "समुद्र हाय तिते हाय. आपली केळी टेम्पोतनं जातात ना? मंग ही काय केळीपेक्षा जड हाय?"

केळी न्यायला बेटेगावचा टेम्पो रस्त्यावर आलेलाच होता. टेम्पोवाला, त्याचा भाऊ, काका आणि मी, असे चौघं लागलो. दोन विलायती भावांची बढाई खरी निघाली. गाडी उचलली गेली, टेम्पोच्या हौद्यात बसली, दोरांनी आवळली. काकांनी गोणपाट मागून घेतलं, हौद्यात अंथरलं, त्यावर पाय पुसले आणि स्टेअरिंगवर बसले. शेजारी शेठच्या जागेवर बाई. आणि मी हौद्यातच, गाडीच्या बाहेरून, दोन्ही हातांनी ते दार जागच्या जागी धरून उभा.

टेम्पो निघाला. मला वाटलं होतं काका नुसते बसून राहतील. पण त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, टेम्पोबरोबर स्टेअरिंग फिरवत राहिले. वळण आलं की त्यांचा उजवा हात माझ्या नाकासमोरून बाहेर येई आणि मागच्या रिक्षा खरोखर थांबत. केळव्याला मुंबईची मंडळी शहाळी हातात धरून बघत राहिली. माझ्या ऑफिसातले दोघे तिथे सहकुटुंब आले होते. त्या तीन टेबलांपैकी दोन त्यांचीच. त्यांनी फोटो काढले.

सुरूंच्या सावलीत बाईंनी बॉनेटवर वही ठेवून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते काकांनी मला वाचायला लावलं. 'माकुणसार. दर रविवारी समुद्रावर जाते.' रेघ नव्हती. काकांनी खाली सही केली, तशीच, अक्षर अक्षर कोरून. मग पेनाचं टोपण लावून माझ्याकडे बघितलं.

"मंजे आता दर रविवारी न्यायला लागंल."

"दर रविवारी? काका, अहो, महिन्यातून एकदा..."

"दर रविवारी कोनी लिवलं?"

तेव्हापासून आम्ही जात आलो. टेम्पो केळी उतरवून यायचा, चौघं उचलायचे, काका पाय पुसायचे. शेठची सीट रिकामी असे. दार नवीन करायचं मी दोनदा सुचवलं, काका म्हणाले, "धरलंय ना तुमी? मंग झालं." माझे रविवार गेले, मित्र गेले, दंड मात्र चांगले झाले. खोटं लिहिलेलं खरं करायला किती घाम लागतो, हे मला नीट कळलं.

काका गेल्या थंडीत गेले. शुक्रवारी, दुपारी, चारच्या आधी. मी त्या दिवशी फार रडलो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर रडता रडता मनात एकदा येऊन गेलं की आता रविवार सुटले. दिवसकार्य आटोपलं आणि शनिवारी काकींचा फोन आला.

"उद्या रविवार हाय. येता ना?"

गेलो. टेम्पो उभा होता, टेम्पोवाल्यानं गावातली माणसं लावून गाडी वर चढवलेली होती. मी मनाची तयारी केली: आता ती जागा आपल्यालाच घ्यावी लागणार. टोपीही आणली होती, खोटं कशाला बोलू. गोणपाटाकडे पाय नेला, तेवढ्यात काकी पुढे झाल्या. त्यांनी उजवा पाय पुसला, मग डावा, आणि स्टेअरिंगवर जाऊन बसल्या.

"शेठच्या जागी नाय बसले," त्या कुणी विचारलं नसताना म्हणाल्या. "आमच्या मानसाच्या जागी बसले. तुमी दार धरा."

मी टोपी खिशात कोंबली आणि दार धरलं. टेम्पो निघाला. केळव्याच्या वळणावर काकींचा उजवा हात माझ्या नाकासमोरून बाहेर आला, हुबेहूब तसाच, आणि मागची रिक्षा थांबली. माझे दोन्ही हात दारात अडकले होते, त्यामुळे समुद्र येईपर्यंत डोळे पुसायची काही सोय नव्हती.