खरवडलेलं कपाट

लिलावाच्या आधी थिया पेटेंगिल एखाद्या वस्तूपाशी जरा जास्त वेळ रेंगाळली, की त्या वस्तूचा भाव चढायचा. बाकीच्यांना याचं कौतुक वाटे, तिला मात्र हा जन्माचा ताप होता. न्यू हॅम्पशायरच्या त्या डोंगराळ मुलखात जुन्या लाकडी सामानाची तिच्याइतकी पारख कुणाला नव्हती. ती खण बाहेर काढायची, उलटा करायची आणि तळाशी बोटं फिरवायची. हाताने रंधा मारलेल्या लाकडावर अगदी बारीक लाटा राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटांना कळतात. मग ती खण जागच्या जागी सरकवायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. बोस्टनहून येणारे दोन व्यापारी तरीही तिच्या मागेमागेच फिरत. तिला साधी शिंक आली, तरी कुठल्या टेबलापाशी आली ते वहीत टिपून ठेवतील असे ते नग होते.

म्हणूनच त्या शनिवारी सकाळी ग्रेंजच्या, म्हणजे गावच्या शेतकरी संघाच्या, हॉलमध्ये शिरताना तिने नजर मुद्दाम दाराजवळच्या टेबलांवर ठेवली. मागच्या भिंतीला तिचं कपाट उभं होतं, आणि तिला त्याच्याकडे बघायचीही सोय नव्हती.

तिचं म्हणजे तिच्या सासूचं. ऑर्फा पेटेंगिल वारल्यावर वाटणीत ते थोरल्या दिराकडे, हार्लनकडे गेलं. थियाचा नवरा एमरी तेव्हा म्हणाला होता, "जाऊ दे गं, भावाभावांत एका कपाटावरून कशाला वाकडं यायला हवं?" आता एमरीही नव्हता आणि या वसंतात हार्लनही गेला. हार्लनची मुलं अ‍ॅरिझोनात. थियाने फोन केला, तेव्हा पुतण्या ओशाळून म्हणाला, "काकू, आधी कळवलं असतंत तर! घरातलं सगळं सामान लिलाववाल्याच्या नावे लिहून दिलंय." म्हणजे आता सासूचं कपाट चारचौघांसारखं बोली लावूनच घ्यायला हवं होतं.

त्या कपाटाचं आणि तिचं एक जुनं दुखणं होतं. एकोणीसशे एकाहत्तर साली ती नवी नवरी होती, बावीस वर्षांची. सासूबाई तीन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. स्वयंपाकघरातलं ते पाईनचं कपाट तेव्हा निळं होतं. कुठे पोपडे आलेले, कुठे धुराने काळवंडलेलं. थियाला वाटलं, म्हातारीचा हात पोचत नसेल, आपण लख्ख करून ठेवू, घरी आल्यावर केवढी खूश होईल. तिने रंग जाळणाऱ्या औषधाचा डबा आणला, पत्र्याने खरवडलं, घासकागदाने घासलं आणि वर चकचकीत वार्निश चढवलं. दोन दिवस राबली. हाताची सालटी निघाली.

ऑर्फाबाई आल्या. दारातच थांबल्या. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. थिया शेजारी उभी, शाबासकीची वाट बघत. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आता लाकूड तरी दिसतंय. आण ताटल्या, लावून टाकू." आणि दोघींनी मिळून ताटल्या लावल्या.

आपण काय करून बसलो ते थियाला दोन वर्षांनी एका लिलावात कळलं. तसंच एक कपाट, तसाच विटका निळा रंग, आणि त्याला नव्या मोटारीइतकी किंमत आली. ज्याचा मूळ रंग शाबूत त्याला मान, आणि खरवडलेल्याला कुणी विचारत नाही. सासूच्या अंत्यविधीला हार्लन सहज बोलून गेला, की तो निळा रंग आईच्या खापरपणजोबांनी दुधात कालवून स्वतःच्या हाताने लावला होता. आई लहानपणी बोट लावून बघायची. सतरा वर्षं एका घरात राहून ऑर्फाबाईंनी सुनेला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. थियाने लाकडाची पारख शिकायला घेतली ती त्या कपाटापायी. घरी मात्र हे दुखणं तिने कुणाजवळ उघडं केलं नाही.

लिलाव पुकारणारा लायल हा तिचा जुना स्नेही. त्याला तिने आदल्या दिवशीच गाठलं होतं.

"लायल, ते भिंतीकडचं कपाट मला हवंय. पण मी बोलीची पाटी वर केली, की ते बोस्टनचे दोघे उड्या मारणार."

"त्या सोललेल्या खोक्यावर? थिया, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ते माझं मी बघते. माझ्या डोळ्यांवर चष्मा असेपर्यंत माझी बोली चालू आहे असं समज. काढला, की मी थांबले."

"आणि शिंक आली तर?"

"शिंकेचं त्या दोघांना विचार."

अशा खुणा त्या धंद्यात नव्या नव्हत्या. कुणी कान खाजवतो, कुणी पेन्सिल उभी धरतो. एकदा ठरलेली खूण पुकारणारा मोडत नाही. मोडली तर त्याच्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

सकाळी थियाने त्या दोघांना मुद्दाम चकवलं. पाय बदललेल्या एका भिकार खुर्चीपाशी ती दहा मिनिटं उभी राहिली, दोनदा वाकली, एकदा उसासाही टाकला. खुर्ची त्या दोघांनी नऊशे डॉलरला घेतली. ते दोघे एकमेकांकडे बघून हसले, तेव्हा थियाने चर्चच्या बायकांकडून घेतलेल्या सफरचंदाच्या पेस्ट्रीत तोंड घालून हसू दाबलं.

मग कपाट आलं. दोन माणसांनी ते उचलून पुढे आणलं आणि मागची बाजू दाखवायला फिरवलं. फिरवताना डावं दार आपोआप उघडलं. ते कायमच उघडायचं. त्यांच्यातला एक पुटपुटला, "हे दार लागतच नाही."

"सतराशे नव्वदच्या आसपासचं," लायल म्हणाला. "खोटं कशाला बोलू, कुणातरी हौशी माणसाने याची कातडी सोलली आहे." हॉल हसला. लायलने दोनशेपासून सुरुवात केली. थिया चष्मा लावून ताठ बसली होती. पर्समध्ये आठशे होते. अडीचशे, तीनशे, साडेतीनशे. मागच्या रांगेतून एक तरुण मुलगी भीतभीत पाटी वर करत होती, बाकी कुणी नव्हतं. थिया साडेचारशेवर आली, मुलगी पाचशेवर.

आणि ते उघडं दार हलत राहिलं. आतली फळी दिसत होती, जिच्यावर त्या दिवशी दोघींनी ताटल्या लावल्या होत्या. सासूबाईंनी शेवटची ताटली ठेवली आणि तिच्या सालटी निघालेल्या हातांवर लोणी चोळलं, हे थियाला आज इतक्या वर्षांनी आठवलं. तिचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना. तिने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

हातोडा पडल्यावर तिला कळलं.

जेवणाच्या सुटीत लायल तिच्यापाशी आला. "मी थांबलो होतो गं. तीनदा पुकारलं. तू चष्मा लावलाच नाहीस."

"तुझी चूक नाही."

ती कोट घेऊन निघाली, तर दाराजवळ कपाट उभं होतं आणि ती मुलगी त्याच्या शेजारी, अगदी रडकुंडीला आलेली. "तुम्ही थिया पेटेंगिल ना? मी जोसलिन. लाकडातलं तुम्हाला कळतं म्हणे. मी मूर्खपणा केलाय का हो? ते दोघे व्यापारी म्हणाले, हे जळणाच्या लायकीचं आहे. आम्ही मागच्याच महिन्यात इथे राहायला आलो, ताटल्या अजून खोक्यातच आहेत, म्हणून घेतलं. पाचशेला दुसरं कुणी घेईल का? तुम्ही घ्याल?"

थियाने फक्त हो म्हणायचं होतं. मुलीचा जीव भांड्यात पडला असता, आणि कपाट संध्याकाळी घरी आलं असतं. तिने पर्सचा बंद उघडलासुद्धा.

"कुणी केलं असेल असं?" जोसलिन म्हणाली. "कुणाला असं करावंसं वाटतं?"

"असेल एखादी सून. बावीस वर्षांची. सासूला खूश करायला निघालेली."

"आणि सासू काय म्हणाली असेल?"

थियाने पर्स मिटली. "आता लाकूड तरी दिसतंय, असं म्हणाली. तू आण तुझ्या ताटल्या, लावून टाक." बोलता बोलता तिने डावं दार किंचित वर उचललं आणि लावलं. ते बसलं. "हे असं उचलून लावायचं."

जोसलिनने दाराकडे पाहिलं, मग थियाच्या हाताकडे. तिने दार एकदा उघडलं आणि तसंच उचलून स्वतः लावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उद्या याल? मला कुठली ताटली कुठे ठेवायची ते कळत नाही."

"येईन," थिया म्हणाली आणि चष्मा लावला. "मोठ्या खालच्या फळीवर. वरची जरा कललेली आहे."